डफडं कोणी वाजवलं?

आमच्या चांदूर बाजार गावात सावकाराचं देणं थकलं की दारात डफडं वाजायचं. तेही आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेले सोयरेधायरेही बघून जात. सावकार स्वतः गादीवरून हलत नसे. त्याचा वसुलीवाला यायचा. त्याला आम्ही पाठीमागे ‘जावई’ म्हणायचो, कारण तो न बोलावता ओट्यावर येऊन बसायचा आणि चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करायचा. डफडं वाजत असताना मात्र हा जावई लांब पानठेल्यावर उभा असे.

वाजवणारा माझा बाप. गावानं नेमून दिलेलं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. असं दारात येऊन कर्जदाराला छळणं तेव्हाही गुन्हाच होता, पण कायदा पुस्तकात सुखानं नांदत होता. एका मास्तरांनी एकदा तक्रार केली. जमादारानं विचारलं, “डफडं कोनं वाजवलं?” मास्तर खरं बोलणारे; त्यांनी बाचं नाव सांगितलं. बाला दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवलं. सावकार सोडवायला येईल म्हणून तो दाराकडे बघत राहिला. सावकारानं निरोप पाठवला, ‘मी कोणाला वाजवायला सांगितलं नाही.’

पुढे आम्ही बौद्ध झालो. दीक्षा घेऊन आल्यावर बानं डफडं चुलीत घातलं. त्या जाळावर आईनं वरण शिजवलं. धुरकट लागत होतं, पण सगळ्यांनी दोनदा घेतलं.

त्यानंतर बानं कर्ज काढलं ते माझ्यासाठी. मी अमरावतीला नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरीण व्हायला शिकत होते. एका वर्षी त्याला पुरेशी मजुरी मिळाली नाही, हप्ते थकले, आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असताना जावई दारात उभा. बगलेत नवंकोरं डफडं.

“उद्या बाजार हाय. उद्या तुया दारात डफडं वाजनार.”

“वाजवनार कोन?” बानं विचारलं.

“कोन म्हंजे? तूच!”

आईला हसू आवरेना. “दार आपलं, अब्रू आपली, अन् वाजवनारे बी आपनच! मंग मी नाचू का?”

जावयाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. “वाजवलं तं यंदाचं व्याज माफ. नाई तं पोरीचं शिक्षन इसर.”

आमचं हसू तिथंच थांबलं. व्याज सुटलं असतं तर माझी फी भरता आली असती. मी अमरावतीला परत गेले नसते, तर गोवऱ्या थापणं आणि पाठोपाठ लग्न, एवढंच पुढे होतं. मी फार घाबरले होते. बा माझ्याकडे न बघता म्हणाला, “फीचं पाहू. सोडलं ते सोडलं.”

दुसऱ्या दिवशी जावई आमची सगळी वस्ती फिरला. कोणी डफड्याला हात लावेना. वाजंत्रीवाले लग्नसराईत बाहेरगावी गेलेले. सावकाराचा तर हट्ट, आजच वाजलं पाहिजे. शेवटी भर दुपारी जावयानं ते स्वतःच गळ्यात अडकवलं आणि आमच्या दारात सुरुवात केली.

काय ते वाजवणं! पत्र्यावर गारा पडतात त्यांनाही जरा बरा ताल असतो. बाजार लोटला, पण आमच्याकडे कोणी बघेना, सगळे त्यालाच बघत होते. वलगावकडच्या एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, “वरात कोनाची हाय बाप्पा?” बाची बोटं मांडीवर आपोआप चालत होती. शेवटी त्याला राहवेना. तो ओरडला, “अबे, मनगट ढिलं सोड! त्या डफड्याकडं उधारी हाय का तुयी?”

सगळे पोट धरून हसत होते आणि मला एकदम जमादाराचा तो जुना प्रश्न आठवला. पायात चपला सरकवून मी तडक ठाण्यात गेले. जमादारानं मान वर न करता सवयीनं विचारलं, “डफडं कोनं वाजवलं?”

“आयका ना,” मी म्हटलं, “अजून वाजूनच राह्यलं.”

जावई गळ्यातल्या डफड्यासकट सापडला. साक्षीला अख्खा बाजार होता. पुढे खटल्याच्या धास्तीनं सावकाराची जीभ गोड झाली, त्यानं हप्ते लहान करून दिले आणि सुट्टी संपल्यावर मी अमरावतीची गाडी पकडली.

पण त्या दिवशी संध्याकाळी मी आणि बा जबानी द्यायला ठाण्यात गेलो, तेव्हा जावई त्याच बाकावर बसला होता. डफडं पायाशी, डोळे दाराकडे. सावकाराचा निरोप येऊन गेला होता, शब्दसुद्धा तेच. त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. बाला बघून तो हळूच म्हणाला, “मालक येतीन ना मले सोडवाले?”

बा त्याच्या शेजारी बसला. “मी बी याच बाकावर वाट पाह्यली होती,” तो म्हणाला.