मनाशेचं नसलेलं बोट

मनाशे नवगावकर माझा मित्र आहे आणि तो माझ्यापेक्षा चांगली गिटार वाजवतो. हे दोन्ही एका वाक्यात लिहिणं माझ्या जिवावर आलं होतं.

तो ठाण्याचा बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. वेल्समधल्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला. मी तिथंच युनिव्हर्सिटीत शिकवायचो. एझ्रा पिकेट त्याला ऐकवला तो मीच, १९८३ साली. मिसिसिपीचा हा काळा गिटारवाला लाकडाच्या वखारीत राबायचा. करवतीत डाव्या हाताची करंगळी गेली, तरी उरलेल्या बोटांनी त्यानं थोडी ब्लूज गाणी रेकॉर्ड केली आणि परत वखारीत जाऊन विस्मृतीत मेला. त्याचे सूर मध्येच तुटायचे, अडखळायचे.

ते तुटणं मला हवं होतं. मी करंगळी चिकटपट्टीनं तळव्याला बांधून रियाज करायचो. माझी बायको रश्मी म्हणायची, "देवानं धडधाकट बोटं दिलीत तर तुझं हे काय चाललंय?"

मनाशेला असले सोस नव्हते. पबच्या वरच्या खोलीत आमचा फोक क्लब भरायचा, तिथं तो आपल्या आईची अंगाई वाजवायचा. गोड वाजवायचा. लोक टाळ्या वाजवून बिअर आणायला जायचे.

मग चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरमध्ये त्याचा हात सापडला. डाव्या हाताची करंगळी गेली. मी द्राक्षं घेऊन भेटायला गेलो आणि रडलो. अगदी खरं रडलो.

काही महिन्यांनी आमच्या घरी त्यानं गिटार मांडीवर घेतली. तीच अंगाई, पण हुबेहूब पिकेटच्या ढंगात! रश्मी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. माझ्या वाजवण्यासाठी तिनं कधी गॅस बंद केला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच्या तुटक्या बोटावर जळणारा माणूस जगात मीच असेन.

पुढं क्लबनं पिकेटच्या आठवणीत एक शनिवार ठरवला. वाजवणारा एकच. पिकेट या गावात आणला मी, आणि विचारलं कुणाला? मनाशेला! मी तडक त्याच्या घरी गेलो. रश्मी सोबत होती, तरी मला राहवलं नाही.

"तुझं बरं आहे," मी म्हणालो. "बोट नाही म्हणून तुला तो साउंड येतो. मला तो ॲडव्हान्टेज नाही."

रश्मीनं माझा दंड घट्ट धरला. मनाशे चिडला नाही. त्यानं फक्त आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"जयंत, मी पिकेटची स्टाइल करत नाही रे," तो म्हणाला. "मी आईची अंगाई पूर्वीसारखी प्ले करायला बघतो. एव्हरी सिंगल डे. जिथं जमत नाही, तिथं तुम्हाला पिकेट ऐकू येतो. सॅटर्डेला तूच वाजव. आय मीन इट."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

शनिवारी मी वाजवलं, एकही सूर न चुकता. मनाशे पहिल्या रांगेत मनापासून टाळ्या वाजवत होता. शेजारी रश्मीही वाजवत होती, पण माझ्याकडे न बघता, त्याच्या हाताकडे बघत.