भिकुबाईंची पाच झाडं

भिकुबाईंची वांग्याची पाच झाडं मी मारली. मुद्दाम नाही, सेवा करून मारली. निवृत्त मास्तर सासुरवाडीला कायमचा राहायला आला की गावाने आपली झाडंझुडपं जपावीत, हे असोद्यात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

भिकुबाई म्हणजे आमच्या शेजारच्या अक्का. सत्तरी ओलांडलेली, बोलणं मोजकं, आणि तेही बहुतेक झाडांशी. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्यांच्या ओंजळीत भरताच्या वांग्याचं बी ठेवलं. तेव्हापासून दर साली चार चांगली झाडं बियासाठी राखायची, त्यांवरची वांगी पिवळीधमक होईतो तोडायची नाहीत, मग बी धुऊन, वाळवून, राखेत घोळून डब्यात. बाकीचं गाव रोपवाटिकेतून रोपं आणतं. अक्कांचं वांगं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजून केलेलं भरीत मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा बायकोच्या माहेराबद्दलची माझी निम्मी मतं जागेवर बदलली.

मागल्या साली त्यांची विहीर आटली आणि बियाची झाडं उभी करपली. यंदा अक्कांनी डब्याच्या तळाचं जुनं बी झटकून पेरलं. उगवली ती पाच रोपं. पन्नास वर्षांचं बी आता त्या पाचांत होतं. हंडा डोक्यावर आणून त्यांनी ती वाढवली.

फाल्गुनात जामनेरच्या लेकीचं, रूपाचं, ऑपरेशन निघालं. जाताना अक्कांनी माझ्या हातात तांब्या दिला.

"एका झाडाले एक तांब्या. दर तिसऱ्या दिवशी, सांजच्याले. दुपारी ते माना टाकतीन, तिकडे पाहू नका. सांजेले आपले आपण उठतात."

मी नेमकं तिकडेच पाहिलं. दुसऱ्याच दुपारी पाचही झाडं इतकी मलूल दिसली की मलाच तहान लागली. एवढ्या उन्हात एका तांब्याने काय होणार? सासऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचा पाइप ओढून वाफ्यात सोडला, बटण दाबलं, तर लाइट नव्हती. म्हटलं येईल तेव्हा येईल. जेवलो, आडवा झालो. लाइट आली, ऑटो स्टार्टरने मोटार सुरू केली, आणि मी घोरत होतो तेवढे तीन तास ती चालली. उठून पाहतो तर अक्कांच्या वाफ्यात मेहरूणचा तलाव. त्यात माती काळी. एकदा प्यायलेलं पाणी ती सोडत नाही.

सांजेला मात्र झाडं ताठ उभी. मी ऐटीत फोन लावला.

"अक्का, झाडं कशी तरारलीत म्हणून सांगू."

"किती पानी देलं?"

"भरपूर."

पलीकडे दवाखान्यातली गडबड ऐकू आली. मग फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी झाडांनी माना टाकल्या त्या सांजेलाही उचलल्या नाहीत. मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी आणखी दिलं.

अक्का आठव्या दिवशी आल्या. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून वाफ्यात उतरल्या. एक झाड ओढलं, ते अलगद निघून आलं. मुळं तपकिरी. चिमटीत धरताच त्यांची साल मोज्यासारखी निसटली.

"मुळाले बी हवा लागते," त्या झाडाकडे पाहत म्हणाल्या.

मग दुसरं ओढलं. मग तिसरं. पाचव्यापर्यंत मी त्यांच्या ओरडण्याची वाट पाहिली. जावयाचा मान ठेवून का होईना, दोन शिव्या घातल्या असत्या तर मी निदान काही बोलू शकलो असतो. झाडांवर सहा-सात कोवळी वांगी होती, लिंबाएवढी. ती खुडून त्यांनी बांधावर एका ओळीत ठेवली आणि तिथेच बसल्या.

मी शेवटी धीर केला. "अक्का, यातल्या एखाद्याचं तरी बी धरता येईल ना?"

"कच्चं बी उगत नही, जावईबापू."