दसऱ्याची डिलिव्हरी

अण्णा कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि चपलेच्या टोकाने चारही चाकं चाचपून बघत. गाडी एसटीची असली तरी यात फरक नसे. कंडक्टर दोरीला हात घालून उभा, आतली माणसं ओरडतायत आणि अण्णा शांतपणे मागच्या चाकापाशी. "वरडू द्या," म्हणत, "बसायचं आपल्याला हाय. ती न बगता बसली, ही त्यांची हौस."

माधवनगरला आमची आणि त्यांची भिंत एक होती. बावीस वर्षं त्यांनी फौजेत ट्रक चालवले, हवालदार होऊन बाहेर पडले, पुढे बारा वर्षं शिरवळच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवली. चौतीस वर्षांत स्वतःच्या मालकीची मात्र एक सायकल. नंतर ते साताऱ्याला मुलीकडे राहायला गेले आणि गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारले.

मी सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर काम करतो. त्यामुळे पेन्शनची चिठ्ठी, विजेचं बिल, बँकेचा कागद, सगळं अण्णा माझ्याकडे घेऊन येत. "आकडा तुमी बगा बापू, इंजिन मी बगतो." माझी स्कूटर गल्लीत शिरली की भिंतीपलीकडून आवाज येई, "बापू, खोकतीया ती. उद्या आना हिकडं." पैसे घेत नसत. चहाही माझ्या बायकोने दोनदा म्हटल्याशिवाय नाही.

त्यांच्या बायकोचं, सुशीलाकाकूंचं माहेर जत तालुक्यातलं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला अण्णांनी त्यांना एसटीने माहेरी नेलं, तेव्हा काकूंचा भाऊ चारचौघांत हसत म्हणाला होता, "दाजी साऱ्या हिंदुस्थानच्या गाड्या हाकतोय, बायकू मातर एसटीनं आनतोय." थट्टाच होती. पण काकूंनी ती चाळीस वर्षं सांभाळली. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं हृदय थकलं. एसटीची पायरी चढणं बंद झालं. भाड्याची गाडी करू, असं अण्णा किती वेळा म्हणाले. काकूंचं उत्तर ठरलेलं, "भाड्याच्या गाडीतनं जायचं असतं तर तवाच गेले न्हसते व्हय?"

म्हणून अण्णांनी गाडी घ्यायची ठरवली. दसऱ्याला सकाळी गाडी ताब्यात घ्यायची, तिथूनच थेट जतला जायचं, काकूंनी भावाच्या हातात आपट्याचं सोनं द्यायचं आणि मुक्काम करून परत यायचं. डॉक्टरांनी एवढ्या प्रवासाला हो म्हटलं, पण सांगितलं, "जे करायचं ते लवकर करा."

भाव ठरवायला मी गेलो होतो. विमा, नोंदणी, रस्ता कर धरून सहा लाख अठ्ठेचाळीस हजार, वर एक रुपया नाही, असं लेखी घेतलं. अण्णांनी पैसे आठ दिवस आधीच भरले.

दसऱ्याला आम्ही तिघं सांगलीतल्या त्या शोरूमवर पोचलो. काकू हिरवं इरकल नेसलेल्या, मांडीवर हळदीकुंकवाचं ताट. गाडी दाराशी झेंडूचा हार घालून उभी होती. अण्णांची फेरी मारून झाली, आणि तेवढ्यात मॅनेजरने नवा कागद पुढे केला. हाताळणी खर्च साडेआठ हजार. सीट कव्हर, मॅट वगैरे साहित्य चौदा हजार, सक्तीचं.

"हे आधी का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सर, ते सगळ्यांनाच लागतं. सिस्टिममध्येच आहे."

"मग लेखी दिलंत ते कुठल्या सिस्टिममध्ये होतं?"

मी सभोवार पाहिलं. प्रत्येक टेबलावर हाच कागद होता आणि प्रत्येक घरचा कर्ता मुकाट्याने कार्ड काढत होता. मुहूर्त लागलेला, पोरंबाळं नटून उभी, नारळ हातात. अशा वेळी कोणी भांडत नाही. म्हणूनच तो कागद आदल्या दिवशी दाखवत नाहीत.

अण्णांनी माझी बाही ओढली. "बापू, द्या सोडून. पैसं हायती माज्याकडं. तिला लांब जायचं हाय."

"अण्णा, पैशाचा प्रश्न नाही. हे बेकायदेशीर आहे."

"व्हय?" बेकायदेशीर हा शब्द ऐकला की अण्णा सावधान उभे राहत. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग तुमी म्हनाल तसं."

मॅनेजर म्हणाला, पैसे भरले नाहीत तर आज डिलिव्हरी होणार नाही. मी म्हटलं, नको. आम्ही रिक्षाने परतलो.

पैसे भरून पावतीवर हरकत लिहिता आली असती आणि नंतर तक्रार करता आली असती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण मला तिथल्या तिथे जिंकायचं होतं.

मी कंपनीला पत्रं लिहिली, प्रती जोडल्या. अण्णांनी पुन्हा भाड्याच्या गाडीचं काढलं, तर काकू म्हणाल्या, "यील की आपली. बापू बगत्यात न्हवं." बाराव्या दिवशी त्यांना मिरजेला दवाखान्यात हलवलं आणि पंधराव्या दिवशी त्या गेल्या. सतराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: दोन्ही रकमा रद्द. दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. हार नव्हता.

जतला जाऊन त्यांचं आयुष्य वाढलं असतं, असं मी म्हणत नाही. त्या जाऊन आल्या असत्या, एवढंच.

तेराव्यानंतर मेहुण्यांना गावी पोचवायला अण्णांनी गाडी काढली. मलाही म्हणाले, "चला बापू." मी मागे बसलो. कवठेमहांकाळ मागे पडलं, ऊस संपला, माळ सुरू झाला. मग मेहुण्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "चांगली हाय गाडी, दाजी. केवढ्याला पडली?"

"सा लाख अट्ठेचाळीस. वर साडेबावीस हजार मागत हुते. आमच्या बापूंनी दिऊ दिलं न्हाईत."

मेहुण्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "लय हुशार मानूस."

"तर वो," अण्णा म्हणाले.

अण्णांना टोमणा मारता येत नसे. ते मनापासून कौतुक करत होते. मी मान खाली घातली आणि गाव येईपर्यंत वर केली नाही.