आत्याचं जायचं राहिलं

माझी आत्या कपडे शिवते आणि देवाला सल्ले देते. दोन्ही बाबतींत तिचा हात कुणी धरणार नाही. तिची प्रार्थना ऐकली की वाटतं, प्रभू गिऱ्हाईक म्हणून दारात उभा आहे आणि ही त्याला कापड किती लागेल ते पटवून देतेय.

गेल्या वर्षी परदेशातल्या मुलानं तिला कायमचं राहायला बोलावलं. आत्यानं लगेच चर्चच्या उपासनेत उभं राहून साक्ष दिली, "देवानं माझ्यासाठी दार उघडलं!" मग घर वाटायला काढलं. कपाट शेजारणीला, पलंग पाळकसाहेबांना आणि शिवणाचं मशीन तिच्याकडेच शिकलेल्या एका पोरीला. त्या पोरीचा नवरा नुकताच वारला होता. मंडळीनं निरोपाची प्रार्थना केली. तिकीट पुढे गेलं म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा केली. आत्या दोन्ही वेळा तितकीच मनापासून रडली.

आणि मुलाचा फोन आला. त्याचा कारखाना बंद पडला होता. "आई, तू नको येऊस. आम्हीच येतोय. सगळे."

आत्या जमिनीवर बसली, कारण खुर्च्याही वाटून झाल्या होत्या. "आता मंडळीत कोणत्या तोंडानं जाऊ?" ही तिची पहिली काळजी. खरी काळजी दुसरी होती. मुलगा, सून, नात घरी येणार आणि पोटापाण्याचं साधन दुसरीच्या घरी.

"मशीन परत माग," मी म्हणालो.

"मागणारच! बेत देवानं बदललाय, आता त्यानंच समजून घ्यावं."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन निघाली. मशीन उचलायला कुणीतरी हवंच होतं. वाटभर तिची भाषणाची तालीम चालली होती.

पोरीनं दार उघडलं, आत्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता सुईखालचा अर्धा शिवलेला शाळेचा शर्ट सोडवायला लागली. "मला कळलंय, बाई. घेऊन जा. तुमचंच आहे." बाजूला तसल्याच शर्टांचा ढीग पडला होता.

आत्यानं त्या ढिगाकडे पाहिलं. मग तिनं शर्ट ओढून घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "टाका सैल पडतोय. हेच सांगायला आले होते." खाली वाकून तिनं मशीनचा दोरा घट्ट करून दिला.

पोरीला हसावं की रडावं कळेना. "बाई, काजं-बटणं मला उरकत नाहीत. तुम्ही कराल?"

अशी माझी आत्या स्वतःच्याच शिष्येकडे कामाला लागली. शर्टांची पिशवी घेऊन निघालो तेव्हा मी म्हणालो, "बढती झाली म्हणायची!" एरवी तिनं माझी सालटी काढली असती. ती रस्त्यात थांबून रडायलाच लागली.

"मला भीती वाटतेय रे. चार माणसं आणि नुसती काजं-बटणं!"

"मग मशीन आणायचं होतंस."

"कसं आणू? तो तिच्याही घराचा देव आहे ना?" तिनं पदरानं डोळे पुसले. "मी आपली प्रार्थनेत म्हणायची, तुझ्या मनासारखं होऊ दे, आणि पाठोपाठ माझ्या मनातलं सांगत सुटायची. आज काहीच सांगायला सुचत नाहीये. बघू दे त्याचं तो."

आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन ती माझ्या पुढे चालू लागली.