घरची चौकशी

फौजेच्या लेखी परीक्षेच्या यादीत आपला नंबर आहे हे प्रदीपला कळलं, तेव्हा तो कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर वडापाव खात उभा होता. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली तो खोकी भरायचा. बारावी झाल्यापासून हेच काम. फौजेत जायचं म्हणून तो रोज कामाला येण्याआधी मनोरच्या रस्त्यावर धावतो, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. पण पोराचं वेड म्हणून कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

त्यानं मोबाइल शेजारच्या धर्मेशपुढे धरला. धर्मेश त्याच्याच लाइनवरचा, जिवाभावाचा दोस्त.

"चार वर्षं ठेवतात," धर्मेश म्हणाला. "मग घरी. परत ह्याच गेटवर येशील, तेव्हा ठेकेदार ओळखणार पण नाय."

"सगळ्यांना नाय पाठवत. काहींना ठेवून घेतात."

"आणि तुझ्या बाचं काय सांगशील?"

"बाचं काय?" प्रदीपनं विचारलं.

"मला काय, मी आपलं सांगतो," धर्मेश आवाज खाली घेत म्हणाला. "घरची चौकशी होते म्हणे. बाप पाकिस्तानच्या जेलात होता हे कळल्यावर घेतील तुला?"

हा विचार प्रदीपच्या मनात कधी आलाच नव्हता. आता आला तो निघेना.

त्याचा बा, मंगळ्या, चोर नव्हता की हेर नव्हता. उतारावरच्या तुकड्यातलं भात काढून झालं की पाड्यातली माणसं कामाला बाहेर पडतात, कुणी वीटभट्टीवर, कुणी गुजरातच्या बोटींवर. मंगळ्या ओख्याच्या एका बोटीवर खलाशी म्हणून जायचा. प्रदीप सातवीत होता त्या वर्षी ती बोट भर समुद्रात पलीकडच्यांनी पकडली. पाण्यावर हद्द कुठे असते ते ना बोट चालवणाऱ्या तांडेलाला दिसलं, ना खलाशांना.

घरी कुणी कळवलं नाही. बरेच दिवस फोन येईना, तेव्हा प्रदीपची आई तानी हिनं शाळेतल्या मास्तरांकडून बोटीच्या शेठला फोन लावून घेतला. शेठ म्हणाला, मंगळ्या नावाचा कुणी माणूस आपल्या बोटीवर नव्हताच. बोटीवर माणसं पुरवणाऱ्या मुकादमानं नावच दिलेलं नव्हतं. मग तानी पोराचा हात धरून पालघरची ऑफिसं फिरली. या टेबलावरून त्या टेबलावर, उद्या या, साहेब नाहीत. शेवटी सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीतल्या एका माणसानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि चार ठिकाणी विचारून सांगितलं, की तुमचा माणूस जिवंत आहे, कराचीत आहे.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मंगळ्या परत आला. आला तो अर्धा होऊन आणि मण्यांच्या माळा करायला शिकून. दिवस जावा म्हणून कैदी तिथं माळा करत. त्यानंतर त्यानं बोटीचं नाव काढलं नाही. वर्दीतला माणूस दिसला, अगदी एसटीचा कंडक्टर असला, तरी तो उठून उभा राही.

प्रदीप घरी आला तेव्हा तानी नागलीच्या भाकऱ्या थापत होती. मंगळ्या दाराशी बसला होता.

"आये, यादीत नाव आलं. मुंब्र्याला धावायला बोलावलंय."

"धाव. धावून घरी ये."

"लागलो तर जावं लागंल."

तानीचा हात थांबला. "एकाची वाट बघून झाली माझी. आता परत नाय बघणार."

प्रदीपनं इतके दिवस मनात जुळवलेलं बोलायला घेतलं, आणि ते भलतंच तुटक निघालं. "बा हरवला तवा शेठ म्हणाला, असा माणूसच नाय. मी कंपनीत मशीनखाली आलो तर ठेकेदार तेच म्हणंल. फौजेत तसं नसतं, आये. माणूस हरवला तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं."

"उत्तर घेऊन मी काय करू?" तानी म्हणाली. "मला पोर पायजे."

मंगळ्या उठून अंगणात गेला.

पुढचे दिवस सगळ्यांनी आपापल्या परीनं समजावलं. पंढरीमामा मुद्दाम येऊन वनखात्याच्या भरतीचं सांगून गेला. कंपनीतला सुपरवायझर म्हणाला, "रुक जा, तुझे यहाँ परमानेंट करवा दूँगा." हे तो गेली तीन वर्षं प्रत्येकाला म्हणत आला होता. प्रदीप मान डोलवायचा आणि पहाटे धावायला जायचा. पण पायात जोर राहिला नव्हता. धावताना धर्मेशचं वाक्य कानात वाजायचं.

मुंब्र्याच्या मैदानावर मात्र तो पहिल्या गटात आला. कसा आला ते त्याला आठवत नाही. मेडिकलला डॉक्टरांनी कानात मळ आहे म्हणून परत बोलावलं, त्या आठवड्यात त्याला धड जेवण गेलं नाही. तेही निभावलं. मग एके दिवशी पोलिसपाटलानं निरोप दिला, की उद्या हवालदार चौकशीला येणार आहे.

त्या संध्याकाळी प्रदीप बाजवळ जाऊन बसला. "बा, उद्या सकाळी तू शेतावर जाशील?"

शेतात तेव्हा काहीच काम नव्हतं. मंगळ्यानं पोराकडं पाहिलं. "जाईन," तो म्हणाला.

सकाळी तो खरंच कोयता घेऊन खाली उतरून गेला. हवालदार मोटारसायकलवरून आला, खाटेवर बसला, फाइल उघडली. शिक्षण, काम, कुणाशी भांडण-मारामारी. प्रदीप उत्तरं देत होता.

"वडील काय करतात?"

"शेती."

"आणखी?"

"शेतीच."

तेवढ्यात मंगळ्या उतारावरून वर येताना दिसला. कोयता त्यानं कुंपणाशीच ठेवला होता. अंगणात येऊन तो हात जोडून उभा राहिला.

"साहेब, मी मंगळ्या, ह्याचा बा. मी पाकिस्तानच्या जेलात होतो. पोर सांगणार नाय, म्हणून मी सांगतो."

हवालदारानं पेन थांबवलं. "बसा की."

मंगळ्या बसला नाही. उभ्या उभ्यानंच त्यानं बोट, तांडेल, पकडले तो दिवस आणि सुटले तो दिवस सांगितला. घरातही त्यानं कधी इतकं सांगितलं नव्हतं. प्रदीपला वाटलं, आता संपलं. आणि असं वाटतंय याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"खलाशी म्हणून गेला होतात, हे कुणी सांगेल का?" हवालदारानं विचारलं. "शेठ?"

शेठ काय म्हणाला होता ते सगळ्यांनाच माहीत होतं.

तानी दारात उभी होती. ती आत गेली असती, तर कदाचित पोरगा घरीच राहिला असता. प्रदीपला ते कळत होतं, तिलाही कळत असावं. बराच वेळ तिनं दाराची चौकट धरून ठेवली. मग ती बाहेर आली.

"मी सांगते. पालघरला विचारा, सातपाटीच्या सोसायटीत विचारा. मी सगळीकडं गेलेली हाय. पोराला घेऊन गेलेली हाय. माझा माणूस पोटाला गेला होता, दुसरं काय नाय."

हवालदारानं सगळं लिहून घेतलं. प्रदीप त्याच्यासोबत गाडीपर्यंत गेला. "साहेब, घेतील ना?"

"ते माझ्या हातात नाही. पण जे ऐकलं तेच लिहीन."

परत येऊन प्रदीपला बाच्या तोंडाकडं बघवेना. मंगळ्या कोयता आणायला कुंपणाकडं निघाला होता. जाता जाता म्हणाला, "लपवून गेला असतास, तर रोज भ्याला असतास. मला भिण्याची सवय हाय. तुला नको."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. लाइनवर मोबाइल वाजला की प्रदीप हातातलं खोकं ठेवून तो बघायचा. आपण बाला शेतावर पाठवलं होतं, ही गोष्ट त्यानं धर्मेशलाही सांगितली नाही. बोलावणं आलं ते बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरचं. वाचून तो अंगणातच बसला. आनंद झाला की भीती वाटली, हे त्याला सांगता आलं नसतं.

पालघर स्टेशनवर मंगळ्या आणि पंढरीमामा पोचवायला आले. तानी आली नाही. भाकऱ्या मात्र बांधून दिल्या होत्या.

बेळगावात रविवारी फोन मिळायचा. पाड्यात रेंज नसते, म्हणून त्या वेळेला मंगळ्या टेकडीवर जाऊन बसायचा. पहिल्याच फोनला त्यानं विचारलं, "तिथं तुला मारतात का रे?"

"नाय, बा. पळवतात."

"खायला?"

"पोटभर."

मग मंगळ्या म्हणायचा, "आयशी बोल." पण पलीकडून आवाज यायचा नाही. ती तिथंच उभी आहे हे प्रदीपला कळायचं, वाऱ्यात तिचा श्वास ऐकू यायचा. चढ चढून ती यायची आणि फोन हातात घ्यायची नाही. असे किती रविवार गेले. फोनच्या रांगेत उभा राहून प्रदीप विचार करायचा, आज आई बोलेल का.

एका रविवारी, प्रदीप फोन ठेवायच्या बेतात असताना, ती बोलली.

"थंडी हाय का तिथं?"

"हाय, आये," तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.