मधली शेपटी

कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात माझं काम म्हणजे काचेची भांडी धुणं आणि फरशी पुसणं. ते दुपारपर्यंत उरकतं. त्यानंतर मी आमच्या प्राध्यापक मॅडमच्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसते आणि घाटातल्या ओढ्यांतून आणलेल्या अळ्या ओळखून वेगळ्या करते. गेली चार वर्षं हे चालू आहे. घरी एकदा सांगितलं, तर मालक म्हणाले, "अळ्या निवडायच्या? मग जरा आपल्या घरची वांगी बघ." त्यानंतर मी घरी काही सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

सुरुवात अशी झाली. ओढ्यातून आणलेला पालापाचोळा पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून कॉलेजच्या मुली त्यातल्या अळ्या चिमट्याने उचलत होत्या. अळी नखाएवढीसुद्धा नसते आणि रंगाने कुजक्या पानासारखीच. मी शेजारचं टेबल पुसत होते. मला तीन दिसल्या, त्या मुलींना दिसल्या नव्हत्या. बोलायची लाज वाटली म्हणून मी नुसतं बोट दाखवलं. मॅडमनी विचारलं, "कशा काय दिसल्या तुम्हाला?" मी म्हटलं, "तांदूळ निवडताना खडा दिसतो, तशा." दुसऱ्या दिवशी ट्रेसमोर एक स्टूल जास्तीचं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी मोठी चूक केली. एका बाटलीत फार गाळ होता. मी ते सगळं चहाच्या गाळणीत घेऊन, कोथिंबीर धुवावी तसं नळाखाली स्वच्छ धुतलं. अळ्या लख्ख निघाल्या, पण कुणाला शेपटी नाही, कुणाचे कल्ले गेलेले. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "वा! यांची ओळखच धुऊन टाकलीत." मग दोन दिवस त्यांनी मला त्याच मोडक्या अळ्या मायक्रोस्कोपखाली बघायला लावल्या. तुटलेलं कसं दिसतं आणि मुळात नसलेलं कसं दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

या अळ्यांना मॅडम मेफ्लाय म्हणतात. मोठी झाली की ती पंख फुटून पाण्याबाहेर उडते. ओळखायची खूण अशी की पायाला एकच नखी आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची रांग. त्यातही जाती आहेत. दगडाला चिकटून राहणारी चपटी असते, तिचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला. पोहणारी माशासारखी निमुळती. गाळात राहणारीच्या पाठीवर दोन चौकोनी झाकणं असतात, कल्ल्यांत माती जाऊ नये म्हणून. बहुतेकींना शेपट्या तीन. चपट्यांमध्ये मात्र दोनच शेपट्यांची एक जात आहे. ती फार जोराच्या, स्वच्छ पाण्यात सापडते आणि आमच्याकडे क्वचितच येते.

गेल्या हिवाळ्यात मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या ताईंनी एका नव्या ओढ्यातून बाटल्या आणल्या. मी त्या निवडून ठेवल्या. ताईंनी माझा चपट्या अळ्यांचा गट बघितला आणि त्यातल्या आठ अळ्या बाजूला काढून वेगळ्या कुपीत भरल्या. मग मॅडमना हाक मारली.

"मॅडम, दोन शेपट्यांची जात मिळाली! आणि मावशींनी ती तीन शेपटीवाल्यांत टाकली होती."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्या एकाच जातीच्या आहेत."

"मावशी, मोजता येतं ना? ही एक, ही दोन. संपलं." ताई मॅडमकडे वळल्या. "परवा मला हे परिषदेत दाखवायचंय. यापुढे माझं निवडायचं काम मीच करेन. मावशींना बाटल्या धुऊ देत."

बाटल्या धुण्यात कमीपणा नाही, ते माझं पगाराचं काम आहे. पण ते स्टूल गेलं असतं, तर दुपारनंतर मी पुन्हा कुणीच नसते. आणि मला दिसत होतं की मी बरोबर आहे. एवढं सगळं तोंडाने सांगणं मला जमणारं नव्हतं.

मी कपाटातून जुनी कुपी काढली. तिच्यात खरी दोन शेपट्यांची अळी होती, मॅडमनीच ओळखलेली. काचेच्या बशीत ती ठेवली, शेजारी ताईंच्या आठांतली एक ठेवली आणि मायक्रोस्कोप नीट लावून बाजूला झाले.

"ताई, बघता का?"

त्या बघत राहिल्या.

"दोन्हींच्या शेपट्यांच्या मधली जागा बघा," मी म्हटलं. "जुनीची गुळगुळीत आहे. तुमचीला तिथे खुंट आहे. बाजूच्या शेपटीएवढाच जाड, आणि टोकाला तुटका."

मग मी ट्रेमधल्या उरलेल्या अळ्याही दाखवल्या. तीच डोकी, मांड्यांवर तेच पट्टे, पानासारखे तेच कल्ले. पण कुणाला तीन शेपट्या, कुणाला एकच. ताईंनी नेमक्या दोनवाल्या तेवढ्या उचलल्या होत्या. बाटलीच्या तळाचा गाळही मी ठेवला होता. त्यात शेपट्यांचे केसासारखे तुकडे पडले होते.

मॅडमनी वाकून सगळं बघितलं. "बाटलीत खडे होते का गं?"

"होते थोडे," ताई म्हणाल्या.

"आणि घाटातून गाडीत खडखडत आली. म्हणजे मावशींची गाळणी तू चाकांवर चालवलीस."

मला हसू आलं, पण मी दाबलं. ताईंचा चेहरा उतरला होता. "म्हणजे परिषदेत दाखवायला आता माझ्याकडे काही नाही."

"आहे ते दाखव," मॅडम म्हणाल्या. "जे नाही ते दाखवलं असतंस, तर तिथल्या लोकांनी हे खुंट शोधले असते."

मग ताईंनी कुपीतली आपली चिठ्ठी काढून फाडली, नवा कागद कापला आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. कुपीत स्पिरिट असतं, त्यात शाई पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहितात. ओढा कुठला, कुणी आणलं आणि शेवटी ओळख कुणाची, एवढं त्यात असतं.

"लिहा, मावशी."

"माझी शाळा चौथीपर्यंत, ताई. अक्षर चांगलं नाही."

"माझं तरी कुठे आहे? मॅडमना विचारा." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मघाशी मोजण्यावरून बोलले, ते चुकलं माझं."

मी ओढ्याचं नाव लिहिलं. आणणारीच्या जागी ताईंचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, चपटी अळी, तीन शेपट्या, मधली तुटलेली. 'ओळख' या शब्दापुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या आणि मालकांच्या आडनावांसकट. ते कागदात मावेना, तेव्हा मॅडमनी दुसरा, मोठा कागद कापून दिला.