चौथ्या शीलावर अडलेला तेजराम

कोंढ्याचा तेजराम मजुरी करणारा माणूस. धानाच्या रोवण्यात त्याचा हात सगळ्यांच्या पुढं, आणि तोंड हाताच्याही पुढं. वस्तीत लग्न असो की बारसं, आनंदराव गुरुजी त्रिशरण-पंचशील सांगायला उभे राहिले की हा पहिल्या रांगेत. गुरुजी एक ओळ सांगत, मांडव ती मागून म्हणे, आणि मांडवात आवाज काय तो तेजरामचा. लोक कौतुक करत. आपल्याला सगळं तोंडपाठ आहे, असं त्यालाही मनापासून वाटायचं.

१९७४च्या उन्हाळ्यात त्याच्या मोठ्या बहिणीच्या, बायजाबाईच्या मुलीचं, विमलचं लग्न निघालं. शहापूरहून नवरदेवाची वरात आली आणि नेमका त्याच दिवशी गुरुजींना ताप भरला. बायजाबाई रडकुंडीला आली. तेजराम म्हणाला, "बाई, काहून घाबरून राहिली? मले पुरं येते."

कुठलं येतंय! मागून म्हणणं आणि पुढं उभं राहून सांगणं यांत किती अंतर असतं, हे त्याला उभं राहिल्यावर कळलं. त्रिशरण झालं, तीन शीलं झाली आणि चौथ्याला गाडी अडली. अडली तीही खोटं न बोलण्याच्या शीलावर. मांडव पुढच्या ओळीची वाट बघत गप्प. घाम डोळ्यांत उतरला. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि आतून शब्द आला, "सावधान."

हा शब्द त्याच्या पोटात लहानपणापासून होता. मालगुजाराच्या घरी लग्न असलं की वस्तीतली पोरं मांडवापासून लांब, उकिरड्याजवळ उभी राहायची. "सावधान" ऐकू आलं की आता पंगत, आणि पंगतीनंतर उरलंसुरलं आपल्याला, एवढं त्यांना कळायचं. ते सगळं मागं टाकून वस्तीनं दीक्षा घेतली त्याला अठरा वर्षं झाली होती. आणि भाचीच्या लग्नात, बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं राहून, तेजरामच्या तोंडून तेच निघालं.

कुणीतरी फिसकन हसलं. नवरदेवाचे मोठे काका पुंडलिकराव ताडकन उठले. "अठरा वर्षं झाले, न् अजून तेच?" ते म्हणाले. पुढची शीलं सांगायला मात्र कुणीच पुढं आलं नाही. नवरानवरीनं एकमेकांना हार घातले, टाळ्या झाल्या, लग्न लागलं. तेजराम मांडवामागं जाऊन बसला तो जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी बायजाबाईनं त्याच्यापुढं ताट आणून ठेवलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला घास तरी गिळता आला असता.

गावात त्याचं नावच सावधान पडलं. लग्नाचं आमंत्रण आलं की तेजरामचं अंग दुखायला लागे. विमल माहेरी आली की हा दिवसभर शेतावर. तिच्या तोंडाकडं बघायची त्याला लाज वाटे.

दोन वर्षं अशी काढून एका रविवारी तो गुरुजींच्या दारात उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला की मला काही येत नाही, पहिल्यापासून शिकवा. एवढं वाक्य बोलायला त्याला दोन वर्षं लागली होती, शिकायला त्याहून जास्त लागली. चिखलात रोपं खोवता खोवता तो ओळी घोकायचा आणि बाजूच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. एका बारशाला धीर करून उभा राहिला, तर पुन्हा चौथ्यावर अडला आणि मुकाट खाली बसला. त्या रात्री त्यानं बायकोला सांगितलं की आता बस. पुढच्या रविवारी मात्र तो गुरुजींकडे होताच. गुरुजी म्हणाले, "अडला तर बसाचं नाही. चुकलो म्हणाचं, न् पहिल्यापासून म्हणाचं."

पुढं लहानसहान कार्यांत तो तसं करू लागला. कधी एका दमात जाई, कधी दोनदा मागं येई. चौथं शील जवळ आलं की आवाज आपोआप बारीक होई, ते काही सुटलं नाही.

१९८३ साली विमलच्या नणंदेचं लग्न ठरलं, शहापूरला, त्याच घरी. पंचशील सांगायला या, असा विमलनं दोनदा निरोप पाठवला, यानं दोनदा नाही म्हटलं. शेवटी ती स्वतः आली. "मामाजी," ती म्हणाली, "माह्या लग्नात तुमच्या तोंडून अर्धं राह्यलं. आता पुरं कराले याच लागते."

तो गेला. समोर तेच चेहरे होते, पहिल्या रांगेत पुंडलिकराव. तीन शीलं झाली आणि चौथ्याला जीभ जड झाली. पाय मागं वळू बघत होते. तेजराम म्हणाला, "चुकलो मी. पहिल्यापासून म्हणतो." आणि त्यानं पहिल्यापासून म्हटलं, पाचही. या वेळी कुणी हसलं नाही.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या जागी पुंडलिकरावांनी त्याला गाठलं. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "तवा मी तुले भर मांडवात बोललो. पण मले तरी चौथं कुठं येत होतं? येत असतं तर मीच नसतं म्हटलं?" मग आणखी जवळ सरकून म्हणाले, "आजही येत नाही. मले शिकव. पण कोणाले सांगू नको."

नऊ वर्षं तेजराम समजत होता की त्या मांडवात शील न येणारा तो एकटाच होता. त्याला राग यायला हवा होता. पण म्हाताऱ्याची खाली गेलेली मान बघून त्याला स्वतःचीच आठवली.

"शिकवतो," तो म्हणाला. "पण लपून येत नाही ते, पुंडलिकजी. मीही लोकायपुढं चुकलो, तवाच आलं."

पुंडलिकरावांनी धुतलेले हात पुन्हा धुतले. मग ते मांडवात गेले, आणि उठायला लागलेल्या लोकांना म्हणाले की जरा बसा, मले काही सांगाचं आहे.